तीस तासांची रेस्ट

मी मालगाडीवर असिस्टंट लोको पायलट, म्हणजे इंजिन ड्रायव्हरचा मदतनीस आहे, मराठवाड्यातल्याच एका डेपोत, नाव लिहीत नाही. पाहुणेरावळे विचारतात ड्युटी किती ते किती, तर मला आजवर नीट उत्तर देता आलेलं नाही. मेल-एक्स्प्रेसवाल्यांना लिंक असते, म्हणजे कोणती गाडी कधी घ्यायची ते आधीच ठरलेलं. मालगाडीचं तसं नसतंय. कोळशाचा रेक (वाघिणींची अख्खी रांग) परळीकडं कधी सुटणार, खताचा रेक मालधक्क्यावर कधी रिकामा होणार, त्यातून रस्ता कधी मिळणार, हे आधी कुणालाच माहीत नसतं, मग आमचा फोन कधी वाजणार हे तरी कोण सांगणार. ड्युटीवर हजर व्हायच्या दोनेक तास आधी कॉल येतो, बस. जुने लोक सांगतात पूर्वी कॉल बॉय सायकलवर घरी यायचा आणि दारात उभा राहून कॉल बुकवर सही घ्यायचा. आता मोबाईल आहे. फरक एवढाच की कॉल बॉय निदान संडासापर्यंत मागं यायचा नाही.

तर मे महिन्यातली गोष्ट. रात्री साडेअकराला कॉल आला, दीडला साइन ऑन, म्हणजे ड्युटीवर हजेरीची सही. ती सही होते त्या लॉबीत गेलो तर काका आधीच येऊन बसलेले. डेपोतल्या मोठ्या वयाच्या पायलटांना आम्ही पोरं काकाच म्हणतो, त्यातले हे सगळ्यात शांत, गाडी हातात असली की आपल्याला पण निवांत वाटावं असे. ब्रेथ अॅनालायझरमध्ये फुंकलं, सगळं शून्य, कॉम्प्युटरवर काकांची रेस्ट, म्हणजे मागची ड्युटी संपल्यापासूनची सुट्टी, दिसत होती तीस तासांच्या वर. म्हणजे त्या रात्री लॉबीतला सगळ्यात ताजातवाना माणूस कोण तर काका. मी म्हटलं पण, काका मजा आहे तुमची. ते नुसतं हं म्हणाले.

सिमेंटचा भरलेला रेक होता. परभणीपर्यंत ठीक चाललं. परभणीच्या पुढं जालन्याकडं सिंगल लाइन आहे, तिथं मालगाडीची गत म्हणजे लग्नातल्या वाढप्यासारखी, सगळ्यांचं झाल्यावर आपलं पान. एक गाडी समोरून येणार, एक मागून पुढं जाणार, आपण लूपमध्ये, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, उभे. मानवत रोडला असंच बराच वेळ उभं केलं. उभं राहिलेलं इंजिन म्हणजे झोपेला आमंत्रणच, पण बरं हे की उभी गाडी कुठं जात नाही. खरी भीती सुटल्यानंतरची, पहाटे तीन ते पाचची.

सेलू गेलं, सातोना गेलं. परतूरचा डिस्टंट, म्हणजे स्टेशनच्या बराच आधी असणारा इशाऱ्याचा सिग्नल दिसला, डबल पिवळा. म्हणजे पुढं आपल्याला लूपला घेणार, वेग उतरवायला लागा. मी हात वर करून ओरडलो डबल पिवळा, काकांनी पण हात वर केला आणि म्हणाले डबल पिवळा. आमच्यात हे असंच असतं, दोघांनी सिग्नल मोठ्यानं बोलायचा, म्हणजे दोघं जागे आहेत हे एकमेकाला कळतं. पुढं ब्रेकवर हात जायला पाहिजे होता तो गेला नाही. मला वाटलं जातोय आता. तेवढ्यात व्हीसीडीचा दिवा लागला. व्हीसीडी म्हणजे पायलटनं मिनिटभर काहीच हालचाल केली नाही तर आधी दिवा, मग बझर, आणि तरीही बटण दाबलं नाही तर गाडीला आपोआप ब्रेक. पायलट झोपला तर गाडी थांबावी म्हणून लावलेलं यंत्र. काकांनी बटण दाबलं. अगदी बरोबर, शिस्तीत दाबलं, दिवा विझला आणि गाडी त्याच वेगात पुढं.

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. डोळे उघडे होते. काच, रूळ, हेडलाइटचा उजेड सगळं त्या डोळ्यांसमोर होतं पण आत कुणी नव्हतं, दुसऱ्या शब्दात मला सांगता येत नाही. मी काका म्हणून ओरडलो, ऐकलं नाही, मग खांद्याला धरून गदागदा हलवलं. त्यानंतर मात्र काय हात चालला त्या माणसाचा! एका क्षणात पॉवर काढली, ब्रेक लावला, मागच्या वॅगनी एकामागं एक आदळल्याचा आवाज आला, स्टेशनात शिरायचा होम सिग्नल पिवळा होता त्यातून लूपला व्यवस्थित शिरलो आणि स्टार्टरच्या, म्हणजे स्टेशनातून सुटायच्या सिग्नलच्या, बऱ्याच अलीकडं उभे राहिलो. सिग्नल ओलांडला नाही, काही तुटलं नाही, म्हणजे कागदावर काहीच घडलं नाही. लाल सिग्नल ओलांडला असता तर स्पॅड, आणि स्पॅड म्हणजे नोकरीवरच गदा.

देवगिरी एक्स्प्रेस समोरून यायची होती, तोवर वेळ होता. काकांनी बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं आणि विचारलं, "मी डबल पिवळा म्हणलो का रे?" म्हटलं हो, म्हणलात की. तर म्हणे मला आठवत नाही. बटणाचं पण आठवत नव्हतं. इतक्या वर्षांच्या सवयीनं हात आणि जीभ आपलं काम करत होते, माणूस झोपलेला. तेव्हापासून त्या व्हीसीडीवरचा माझा भरवसा निम्म्यावर आलाय. आता म्हणे डोळ्यांची उघडझाप बघणारं यंत्र येणारंय. पण काकांचे डोळे तर उघडेच होते.

"काका, पण तीस तास रेस्ट होती ना?"

"हो, होती की. काल नाही परवा संध्याकाळी सातला घरी आलो, रात्रभर झोपलो, सकाळी सहाला उठलो. सोळा तास अकराला पुरे होत होते, म्हणजे नऊपासून कधीबी कॉल. डबा भरून, बॅग भरून बसलो. नऊ झाले, बारा झाले, कॉल नाही. दुपारी पडावं म्हणलं तर लाइट गेली, पत्र्याच्या खाली कुठं झोप लागूलाली. चारला टँकर आला. शेजारी हळद होती, तिथं डीजे. आता येईल मग येईल करत रात्री साडेअकराला आला."

मी मनातच हिशोब केला. सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री दीडला ड्युटीवर आला, म्हणजे सही करतानाच तो साडेएकोणीस तासांचा जागा होता. परतूरला पोचेस्तोवर तेवीस. आणि नियमाप्रमाणे सगळं बरोबर! गाडी चालवायचे 9 तास, साइन ऑनपासून साइन ऑफपर्यंत 11, आठ तासांच्या वर ड्युटी झाली तर मुख्यालयात, म्हणजे आपल्या डेपोच्या गावी, 16 तास रेस्ट, बाहेरगावी 8, एकही नियम मोडला नव्हता. नियमाचं घड्याळ सही केल्यावर सुरू होतं. त्याच्या आधी माणूस किती वेळचा जागा आहे हे विचारायला कॉम्प्युटरमध्ये रकानाच नाही. दारू पिऊन आलाय का ते नळीत फुंकून कळतं, झोपेचं कशात फुंकायचं?

लोकांना वाटतं आमचं गाऱ्हाणं जास्त तासांचं आहे. तेही आहे, संघटना मालगाडीला 8 तास मागतात ते उगाच नाही. पण माझं म्हणणं वेगळं आहे. लांब ड्युटी एक वेळ निभते, कारण तुम्ही आधी झोपून येता. कॉल रात्री बाराला येणार हे जर काकांना सकाळी माहीत असतं तर ते कसंही करून, भावाच्या घरी जाऊन का होईना, संध्याकाळी चार-पाच तास झोपले असते. रेस्ट तीस काय वीस तासांची दिली असती तरी चाललं असतं, फक्त ती कधी संपणार ते सांगायला पाहिजे होतं. 2025 च्या जुलैत केंद्र सरकारनं छत्रपती संभाजीनगर ते परभणी दुहेरीकरणाला मंजुरी दिली, ते झालं की लूपमधलं सडणं कमी होईल, वेळेचा जरा अंदाज येईल. होईल तेव्हा होईल. तोवर निदान पुढच्या बारा तासांत तुमचा नंबर लागत नाही, झोपा, एवढा एक मेसेज टाकायला काय दुसरी लाइन टाकावी लागती का?

जालना सोडून बदनापूरच्या पुढं करमाडकडं निघालो तेव्हा चांगलं उजाडलं होतं. त्या पट्ट्यात काका हॉर्न जरा जास्तच वाजवतात. 8 मे 2020 ला पहाटे सव्वापाचच्या सुमाराला तिथंच रुळावर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून चालत निघालेली, थकून रुळावरच आडवी झालेली माणसं. त्या पायलटनं बघितलं होतं, ब्रेक मारला होता, हॉर्न वाजवला होता, पण मालगाडी काय मोटरसायकल आहे का, भरधाव असली तर थांबायला किलोमीटरभर लागतं. जागा माणूस असून ही गत. काकांनी त्या दिवशी तिथून जाताना माझ्याकडं एकदा बघितलं, बोलले काही नाही.

रनिंग रूमला, म्हणजे बाहेरगावी आमच्या मुक्कामाच्या जागी, पोचलो, जेवलो, एसी खोली, स्वच्छ चादर, सगळं चांगलं, मी पडलो पण भर दुपारी कुठली झोप, आठ तासांनी परत कॉल होताच. काका मात्र घोरत होते, त्यांना उठवायला दोनदा जावं लागलं.

आता मी एक करतो. कॉल आला की लॉबीत जायच्या आधी पायलट कोण ते विचारून त्याला फोन लावतो, किती वेळचे जागे आहात. सुरुवातीला एक-दोघं चिडले, तू कोण विचारणारा म्हणून. काका चिडत नाहीत. परवा रात्री एकच्या कॉलला म्हणाले, दोन तास झोपलोय, तुझं काय? मी म्हटलं चार. म्हणे चल मग, दोघांचे मिळून सहा झाले, सेलूपर्यंत तू बोलत राहा, पुढं मी बोलतो.