नळस्टॉप ते पाषाण, व्हाया वेताळ टेकडी

रविवारी सकाळी मेट्रोने नळस्टॉपला उतरलो आणि लॉ कॉलेज रोडवरून कांचन गल्लीत शिरलो, डोक्यात एवढंच होतं की टेकडी आडवी ओलांडायची आणि पाषाणला उतरून मिसळ खायची. लहानपणी मामाकडे कोथरूडला आलो की तो आम्हाला इकडे आणायचा आणि वर उभं राहून म्हणायचा, "इथं पुणं संपलं बघा." आता त्याच जागी उभं राहिलो तर चारही बाजूंना पुणंच, बावधन, बाणेर, पार पुढे हिंजवडीपर्यंत टॉवर. टेकडी तिथेच आहे हो, काठावरची होती ती मधोमध आली एवढंच.

मधोमध आली म्हणजे सगळ्यांच्या वाटेत आली. बालभारती ते पौड फाटा रस्ता हिच्या कुशीतून, शिवाय पोटातून बोगदे, प्लॅन काय संपत नाहीत. 2023 च्या एप्रिलमध्ये हजारो पुणेकर याविरुद्ध रस्त्यावर उतरले होते, मीही होतो, म्हणजे खरं सांगायचं तर अर्ध्यातून चहाला सटकलो.

खाणीपाशी थांबलो. दगड काढून काढून झालेला मोठा खड्डा, त्यात साठलेलं पाणी, आणि काठावर सेल्फीवाले. बाजूला एक काका काठीने प्लॅस्टिक गोळा करत होते. मी म्हटलं, "काका, झाडी छान वाढलीये की!" त्यांनी माझ्याकडे बघितलं, कीव केल्यासारखं. "अहो ही उंदीरमारी. खाली वाकून बघा, गवताचं एक पातं दिसतंय का?"

वाकलो. खरंच नव्हतं. नुसता पाचोळा. उंदीरमारी म्हणजे ग्लिरिसिडिया, हे मेक्सिकोकडचं झाड, पटकन हिरवं दिसतं म्हणून काही दशकांपूर्वी वनखात्याने टेकड्यांवर भरपूर लावलं. मूळची टेकडी म्हणजे गवताळ माळ आणि मधे मधे सालई, मोई, गणेर. पुढे मोकळ्यावर एक गणेर दिसलाच, अंगावर पान नाही आणि टोकाला पिवळीधमक वाटीएवढी फुलं, दहा मिनिटं तिथेच बसलो. आपल्याला मात्र असली उघडीबोडकी टेकडी दिसली की आधी खड्डे खणून रोपं लावावीशी वाटतात, मीही लावलीयेत ऑफिसच्या टी-शर्टात, फोटोसकट.

वेताळाच्या देवळाकडून पलीकडे बघितलं की दुसरी गंमत. 1997 ला 23 गावं महापालिकेत आली, तिथल्या टेकड्यांवर बीडीपी म्हणजे जैवविविधता उद्यानाचं आरक्षण पडलं, 978 हेक्टर. सरकारचं शिक्कामोर्तब व्हायला 2015 उजाडलं आणि मोबदला काय तर 8 टक्के टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे बांधकाम करायचा, विकता येणारा हक्क. जमीनमालक एवढ्यावर का देईल? मग आधी पत्र्याचं कुंपण, मग एक शेड, मग शेडला नळ. नकाशावर हिरवा रंग तसाच राहतो.

पंचवटीच्या बाजूने उतरताना शॉर्टकट मारायला गेलो आणि वाट एका सोसायटीच्या भिंतीला जाऊन थडकली, आतला वॉचमन म्हणाला, "साहेब, इथून नाही, मागे फिरा." फिरलो. गवतातून. पाषाणला मिसळ येईपर्यंत मोज्यातली कुसळं उपटत बसलो होतो, चांगली मूठभर निघाली. मुलीला दाखवायला दोन-चार खिशात टाकली, तिने कुसळ कधी बघितलेलंच नाही.