आधी श्वास, मग पाय

मे महिन्यात नागपुरात आमच्या घरात कूलर सुरू असला की दुसरं काही ऐकू येत नाही. त्यामुळे आमची मांजर टिकली घरात आली कधी ते कुणालाच कळलं नाही. सासूबाई रात्री पाणी प्यायला उठल्या तेव्हा ती सिलिंडरच्या मागे अंग चोरून बसली होती आणि मागचा डावा पाय लोंबत होता. "अवं, ये इकडे लवकर! टिकलीचा पाय पाह्य बरं!"

ती ओरडत नव्हती. कुत्रं दुखलं की गल्ली डोक्यावर घेतं, मांजर मात्र कोपरा धरतं. जवळ गेलं की फिस्स करायची, एवढंच.

सुदैवानं आमच्या डॉक्टरांनी फोन उचलला. मी घाईघाईनं पायाचं सांगायला लागले, तर त्यांनी मध्येच थांबवलं. "पायाचं राहू द्या जी. तोंड उघडं टाकून श्वास घेऊन राहिली का?" नाही. "हिरड्या कशा आहेत? गुलाबी का पांढऱ्या?" नवऱ्यानं मोबाइलचा टॉर्च धरला, मी बोटानं ओठ वर केला. गुलाबी. हिरडीवर बोट दाबून सोडलं तर पांढरा झालेला ठिपका दोनेक सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवा, तोही झाला. मग छाती मिनिटाला किती वेळा वरखाली होते ते मोजायला लावलं. शांत बसलेल्या मांजराचे श्वास साधारण २० ते ३० असतात. टिकलीचे थोडे जास्त होते, पण ती घाबरलेली होती आणि खोली तापलेली. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा घोळ असतोच. मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर ते उन्हानं, भीतीनं का छातीला मार बसल्यानं, हे घरी बसून सांगता येत नाही. म्हणून मांजराची धाप दिसली की वाट पाहायची नाही, असं त्यांनी बजावलं.

शेवटचा प्रश्न मला विचित्र वाटला: दोन्ही मागच्या पायांचे तळवे गरम आहेत का थंड? ते का, हे दुसऱ्या दिवशी कळलं. मांजरांना हृदयाचा आजार असला तर रक्ताची गुठळी सुटून मागच्या पायांच्या धमनीत अडकते. तेव्हा मांजर अचानक किंचाळतं, पाय ओढत चालतं, तळवे थंडगार आणि निळसर पडतात. वरून पाहणाऱ्याला वाटतं पाय मोडला. तसं असेल तर सकाळपर्यंत थांबायचंच नाही. टिकलीचे चारही तळवे गरम होते.

"मग आता काहीच करू नका," ते म्हणाले. "खोक्यात ठेवा, अंधार करा, सकाळी ऊन चढायच्या आत आणा. आणि कोणतीच गोळी नाही."

गोळीचं त्यांनी सांगितलं ते बरंच झालं, कारण आवाजानं जागे झालेले शेजारचे काका गेटपाशी सल्ला घेऊन उभेच होते. "तापाची गोळी अर्धी चुरून दुधात द्या ना, लहान पोट्ट्याले देतोच की आपण." पॅरासिटामॉल पचवायची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतेच. त्याच्या रक्तातला ऑक्सिजन वाहून नेणारा पदार्थ निकामी होतो, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. अर्धी गोळीसुद्धा जिवावर बेतू शकते. माणसांच्या बाकी दुखण्याच्या गोळ्यांचीही तीच गत, आणि खरचटलेल्या जागी डेटॉल लावलं तर तेही मांजराला विषारी, कारण ते अंग चाटतं. काकांना एवढं सगळं सांगितलं नाही. "डॉक्टर नको म्हणाले" यावर ते गेले.

सकाळी तिला उचलायचं कसं, हा प्रश्न होता. आमच्याकडे मांजराची पेटी आहे, पण तिचं दार समोरून. मोडलेल्या पायाचं मांजर त्यातून ढकलत आत घालणं म्हणजे छळ. म्हणून धुण्याची प्लॅस्टिकची टोपली घेतली, तळाशी टॉवेल घातला, तिला दुसऱ्या टॉवेलसकट सरकवून आत घेतलं आणि वरून ओढणी बांधली. रिक्षात खामल्याच्या चौकापाशी तिनं टॉवेल ओला केला. डॉक्टरांना सांगितलं तर ते चक्क खूश झाले. गाडीचा धक्का बसलेल्या मांजराचं मूत्राशय फुटलेलं असू शकतं, त्यामुळे लघवी होणं ही चांगली खूण. अर्थात त्यावर भागवलं नाही, पोट दाबून पाहिलं आणि पुढे सोनोग्राफीही केली.

गाडीचा धक्का हे मात्र आम्ही म्हटलेलं नव्हतं. आम्हाला वाटत होतं, शेजारच्या गच्चीवरून पडली असेल. त्यांनी पंजा हलकेच दाबून एकेक नख बाहेर काढलं आणि मला दाखवलं: टोकं चावलेल्या दातवणासारखी पिंजलेली. मांजराला वाहनाची धडक बसते तेव्हा ते रस्त्याला नखं रोवून धरायचा प्रयत्न करतं, त्यात ती अशी फाटतात. आमच्या गल्लीत रात्री सुसाट जाणाऱ्या मोटारसायकली आठवल्या आणि पोटात गोळा आला.

मग त्यांनी मोडलेल्या पायाचं बोट चिमट्यात धरून दाबलं. टिकलीनं मान वळवून दात दाखवले. "छान!" म्हणाले. नुसता पाय आखडून घेतला तर ती फक्त प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. मान वळवून राग दाखवला म्हणजे दुखणं मेंदूपर्यंत पोचतं आहे, नस शाबूत आहे. त्याच रागात पुढच्या क्षणी तिनं नवऱ्याचा अंगठा फोडला. नळाखाली साबण लावून १५ मिनिटं हात धुवायला लावला आणि लस घ्यायला मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात पाठवलं. टिकलीची रेबीजची लस झालेली होती, तरी. मांजर चावलं तर कुत्र्यासारखंच धरायचं: पहिल्या दिवसाचं शून्य मोजून पुढे ३, ७ आणि २८ व्या दिवशी इंजेक्शन, आणि १० दिवस मांजरावर लक्ष. नवरा म्हणाला, पाय तिचा मोडला आणि सुया मला.

दुखणं कमी करणारं इंजेक्शन देऊन आम्हाला सेमिनरी हिल्सला पाठवलं, पशुवैद्यकीय महाविद्यालयात. १९५८ पासूनचं कॉलेज, आता माफसूच्या, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीतलं. बाहेर कुणी शेळी धरून उभा, कुणी लॅब्रॅडॉर, आणि मधे आमची ओढणी बांधलेली टोपली. इथेही पहिला एक्स-रे छातीचाच. फुप्फुसाभोवती हवा साचली नाही ना, छाती आणि पोटामधला पडदा फाटून आतडी वर सरकली नाहीत ना, हे पाहिल्याशिवाय भूल द्यायची नसते. छाती साफ निघाली तेव्हा कुठे पायाची पाळी आली. आडवा एक, उभा एक: मांडीचं हाड मधोमध तुटलेलं.

सासूबाईंचं म्हणणं, प्लॅस्टर घाला. गावाकडे बांबूच्या कामट्या बांधून बकरीचा पाय सरळ झालेला त्यांनी पाहिला आहे, आणि त्या खोटं बोलत नाहीत. पण तो नडगीचा पाय असणार. हाड स्थिर ठेवायचं तर त्याच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे बांधावे लागतात. मांडीच्या हाडाच्या वर खुबा. त्याला प्लॅस्टर घालणार कसं? उलट अर्ध्या मांडीपर्यंत बांधलेलं ओझं तुटलेल्या जागेवर झोके घेत राहतं आणि मोड वाढतो. म्हणून हाडाच्या पोकळीत स्टीलची पिन. लगेच नाही, रक्त तपासून, तिला दोनेक दिवस सावरू देऊन.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. आम्ही बाहेर झाडाखाली बसलो होतो. खर्च मी धरला होता त्याच्या बराच आत झाला.

खरं काम नंतरचं. हाड जुळायला साधारण ६ ते ८ आठवडे, आणि तोवर उडी नाही, जिना नाही. मांजराला हे कोण सांगणार? ओळखीच्यांकडून कुत्र्याचा मोठा पिंजरा आणला. आत एका बाजूला अंथरूण, दुसऱ्या बाजूला वाळूचा ट्रे. त्याची कड उंच होती ती कापून बुटकी केली, म्हणजे पाय उचलावा लागू नये. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर. पहिले काही दिवस तिनं रात्रभर पिंजऱ्याची जाळी वाजवली आणि आम्ही सगळे डोळे चोळत ऑफिसला गेलो.

जेवण हा दुसरा घोर. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात साचून नवंच दुखणं उभं राहतं, जाडसर मांजरांत तर जास्तच. शिवाय दुखण्याचं औषध, मेलॉक्सिकॅमचे मोजून दिलेले थेंब, खाणं-पिणं नसेल तर द्यायचं नव्हतं, कारण मूत्रपिंडावर ताण येतो. कांदा-लसूण मांजराला बाधतात. म्हणून सावजीच्या गावात आमच्या गॅसवर बिनकांद्याचं, बिनमिठाचं चिकन शिजायला लागलं. कोमट करून, बोटावर घेऊन नाकापाशी धरलं की चाटायची. हे काम सासूबाईंनी आपणहून घेतलं. ज्या बाई मांजराला स्वयंपाकघरात येऊ द्यायच्या नाहीत, त्या पिंजऱ्यापुढे पाटावर बसून "खा वं माय, खा" करत असायच्या.

पुढच्या एक्स-रेत मोडलेल्या जागेभोवती नव्या हाडाची पांढरी गाठ दिसली. ती पुरेशी घट्ट झाल्यावर पिन काढली. आता टिकली चालते. पळताना डावा पाय किंचित बाहेर टाकते, डॉक्टर म्हणतात तेवढं राहील कदाचित. सुताराला बोलावून खिडक्यांना आणि मागच्या दाराला जाळी बसवून घेतली. मी म्हणते, आता रात्री बाहेर सोडायचं नाही. सासूबाई म्हणतात, मांजराची जात, घरात कोंडली तर झुरून मरेल. नवरा अंगठा दाखवून सांगतो की पुढच्या वेळी तिला तो धरणार नाही. सध्या जाळीच्या दाराची किल्ली माझ्याकडे आहे.