फंडिंगवाला माणूस युनोत जातो तेव्हा

व्हीसी (व्हेंचर कॅपिटलिस्ट, म्हणजे नव्या कंपन्यांत पैसे लावणारा) म्हटलं की आपल्याला स्लाइड्स, व्हॅल्युएशनची म्हणजे कंपनीच्या किमतीची घासाघीस आणि युनिकॉर्न, म्हणजे अब्ज डॉलरच्या कंपन्या, एवढंच आठवतं. अमेरिकन व्हीसी बिल ड्रेपर त्यात बसत नाहीत, म्हणून तर त्यांच्याबद्दल लिहावंसं वाटलं.

घरातच हा धंदा होता म्हणा ना. वडील, जनरल विल्यम ड्रेपर, १९५९ मध्ये पालो अल्टोत एक फर्म काढून बसले, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची पहिली व्हीसी फर्म म्हणतात ती हीच, आणि बिल तिथे नोकरीला लागले. मग १९६२ मध्ये पिच जॉन्सन नावाच्या मित्राबरोबर स्वतःचं दुकान. तेव्हा सिलिकॉन व्हॅली हे नावसुद्धा पडलेलं नव्हतं, सगळीकडे जर्दाळूच्या नि आलुबुखाराच्या बागा, आणि हे दोघं गाडी घेऊन फिरायचे, कुठे टेक्निकल वाटेल अशी पाटी दिसली की सरळ आत जाऊन मालकाला भेटायला मागायचे. कोल्ड कॉल, म्हणजे ओळख नसताना केलेला फोन, तोपण नाही, डायरेक्ट दारात! आणि गंमत म्हणजे त्या काळात अशा छोट्या गुंतवणूक कंपन्यांना १९५८ च्या कायद्यामुळे सरकार कर्ज द्यायचं, म्हणजे फ्री मार्केटचे गोडवे गाणाऱ्या या इंडस्ट्रीच्या बाळसं धरण्यात सरकारी पैशाचाही हात आहे, हे कुणी फारसं बोलत नाही.

पुढे सटर हिल व्हेंचर्स ही त्यांची पुढची फर्म. अर्ली स्टेजला, म्हणजे कंपनी नुकती सुरू होत असताना, आकडे नसतातच, प्रॉडक्ट अर्धवट, गिऱ्हाईक शून्य, एक्सेलमधलं पाच वर्षांचं प्रोजेक्शन म्हणजे निव्वळ कल्पनाविलास, मग बघायचं काय तर समोरचा माणूस. बऱ्याच कंपन्या बुडणार हे धरूनच चालायचं, एखादी चालली की ती बाकीच्यांचं भरून काढते.

ही सवय असलेला माणूस १९८१ मध्ये वॉशिंग्टनला अमेरिकेच्या एक्झिम बँकेचा (निर्यातीला कर्ज देणारी सरकारी बँक) प्रमुख झाला, तिथे पाच वर्षं, आणि मग १९८६ मध्ये थेट यूएनडीपीचा, म्हणजे युनोच्या विकास कार्यक्रमाचा. (धाकटे नव्हे, थोरले जॉर्ज बुश येलपासूनचे मित्र, तेव्हा ओळखीपाळखी होत्याच, ते लपवायचं कारण नाही.)

माझ्या मते त्यांची सगळ्यात भारी गुंतवणूक इथली आहे, आणि त्यात त्यांना एक रुपया, सॉरी, एक डॉलरपण परत मिळाला नाही. पाकिस्तानचे माजी अर्थमंत्री महबूब उल हक यांना त्यांनी बोलावून घेतलं आणि सांगितलं, तुम्हाला हवा तसा रिपोर्ट काढा. त्यातून १९९० मध्ये पहिला मानव विकास अहवाल आला. देश किती पुढे गेला हे नुसत्या उत्पन्नावर मोजायचं नाही, आयुर्मान आणि शिक्षणपण धरायचं, अमर्त्य सेन यांचीही त्यात मदत होती. पुढच्याच वर्षी अहवालात स्वातंत्र्याचा निर्देशांक आला आणि बरीच सरकारं भडकली, युनोत तर मेंबर देश म्हणजेच मालक, तरी अहवाल बंद पडला नाही. फाउंडरला (कंपनी काढणाऱ्याला, इथे हक यांना) बोर्डापासून, म्हणजे इथे मेंबर देशांपासून, वाचवणं हे चांगल्या व्हीसीचं काम, ते इथे झालं. आपल्या महाराष्ट्राने २००२ मध्ये स्वतःचा मानव विकास अहवाल काढला तो याच झाडाची फांदी.

१९९३ ला युनो सोडल्यावर आराम केला असता तरी चाललं असतं, तेव्हा पासष्टी आली होती. पण १९९५ मध्ये ड्रेपर इंटरनॅशनल काढून भारतात पैसे लावले, असं करणारा तो पहिला अमेरिकन व्हीसी फंड, रेडिफ या भारतीय वेबसाइटमध्येपण त्यांचा पैसा होता. तेव्हा आपल्याकडे इंटरनेट म्हणजे डायल-अपची ती कर्कश किर्रकिर्र, लाइन लागली तर नशीब! (हॉटमेलमध्ये पैसे लावणारे टिम ड्रेपर हे त्यांचे चिरंजीव, दोघांत गल्लत होते म्हणून सांगितलं.)

२००२ पासून मग सामाजिक संस्थांसाठी फाउंडेशन, तिथेपण तोच हिशेब: सुरुवातीच्या टप्प्यावरची संस्था निवडायची, वर्षाला एक लाख डॉलर अशी तीन वर्षं द्यायची आणि बोर्डावर जाऊन बसायचं. हे बोर्डावर बसणं मला चेकपेक्षा महत्त्वाचं वाटतं, कारण देणगी देऊन फोटो काढून गायब होणारे खूप असतात, दर मीटिंगला येऊन प्रश्न विचारणारा देणगीदार संस्थेला नकोसा वाटतो खरा, पण पैसा कुठे मुरतो ते त्यालाच कळतं.