संपात विम्याच्या यादीतलं नाव टिकवताना

संप सुरू झाला तेव्हा गेटवर सगळ्यांच्या तोंडी पगार होता, माझ्या डोक्यात आईचं डायलिसिस. २०१९ चा शिमगा तोंडावर आलेला, लोट्याच्या एमआयडीसीतली आमची केमिकल कंपनी बंद आणि आईचं चिपळूणचं डायलिसिस कंपनीच्या मेडिक्लेमवर. माझा पगार २१ हजारांच्या वर, त्यामुळे ईएसआयचा, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचा, प्रश्नच नव्हता.

त्यातच बातमी उठली, संपावर गेलेल्यांचा विमा बंद. खरंखोटं करायला ई-कार्डावरच्या टीपीएच्या (विमा कंपनीसाठी दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या) नंबरला फोन लावला. तिथल्या बाईंनी नीट समजावलं. गट विम्याचा हप्ता कंपनीने वर्षाचा एकदम भरलाय, तुम्ही कामावर आहात की संपावर हे आम्हाला दिसतच नाही. एचआरने नाव कमी करायला कळवलं, तरच जातं.

म्हणजे सांभाळायची होती ती यादी. संप म्हणजे राजीनामा नव्हे, त्यामुळे माझं, बायकोचं, मुलांचं नाव काढायला कारण नव्हतं. आईचं मात्र होतं. आईवडिलांचा हप्ता दरमहा आमच्या पगारातून कापला जायचा. पगारच नाही, तर कापणार कशातून?

मी साधा अर्ज लिहिला: आईचा हप्ता चेकने भरायला तयार आहे, कुणाच्या नावे काढू ते कळवा, आणि नाव कमी करण्याआधी मला लेखी कळवा. गेटवरचा सिक्युरिटीवाला तो घेईना. मग रजिस्टर एडीने पाठवला, तोच मजकूर मेलवर, टीपीएला प्रत. पोचपावतीचं कार्ड सहीनिशी परत आलं ते अजून जपून ठेवलंय.

युनियनमध्ये आमचे पुढारी भाऊ यांच्याशी थोडं वाजलंच. ते म्हणाले, विमा मागण्यांच्या यादीत घालू. मी म्हटलं, नको भाऊ. मागणी केली की तडजोडीत ती पहिली सुटते. जे आहे ते आहे तसं राहू दे, एवढंच म्हणा. वकिलांनी त्याला आधार दिला. तेव्हा लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायदा, १९४७ च्या कलम ३३ नुसार समेटाची कार्यवाही (सरकारी समेट अधिकाऱ्यांपुढची तडजोडीची बोलणी) चालू असताना, त्या वादातल्या कामगारांच्या सेवाशर्ती वादाच्या विषयात त्यांच्या तोट्याच्या होतील अशा बदलायच्या तर समेट अधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागते. समेट अधिकाऱ्यांपुढच्या पुढच्या बैठकीत भाऊंनी एक पानी पत्र दिलं. अधिकारीसाहेबांनी कंपनीच्या माणसाला सरळ विचारलं, नावं काढलीत का? तो म्हणाला, नाही. हे इतिवृत्तात लिहून घेतलं गेलं, आणि मग चेक कुणाच्या नावे काढायचा तेही लगेच कळलं.

दुसरी वाटही शोधून ठेवली होती. गट विम्यातून बाहेर पडणाऱ्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीकडे वळता येतं, जुनी वर्षं प्रतीक्षाकाळात (जुन्या आजारांना विमा लागू होईपर्यंतच्या काळात) धरतात. पण पॉलिसी मंजूर करणं त्यांच्या हातात, आणि डायलिसिस म्हटल्यावर एजंटचा आवाजच उतरला. त्यापेक्षा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना भरवशाची वाटली. तीत डायलिसिस बसतं, मर्यादा तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाख (आता ५ लाख), आणि आईचं नाव गावच्या जुन्या केशरी कार्डावर होतंच. गरज पडली नाही, कॅशलेस चालू राहिलं.

संप मिटला. पहिल्या पगारात कंपनीने मागचे सगळे हप्ते पुन्हा कापले. चेकच्या नोंदीचं पासबुक दाखवल्यावर पुढच्या महिन्यात परत मिळाले.