अ‍ॅनिमेशनची स्लाईड कागदावर टप्प्याटप्प्यानं

खानापूर तालुक्यातल्या आमच्या मराठी शाळेत करंट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून पायथागोरसचं पॉवरपॉइंट पोरांना छापूनच द्यायचं ठरवलं. बेळगावात झेरॉक्स काढून आणलं आणि बघतो तर सगळे चौरस, बाण, उत्तरं एकावर एक, कारण प्रिंटमध्ये अ‍ॅनिमेशन येतच नाही, क्लिकवर एकेक येणारं सगळं स्लाईडवर एकदमच छापलं जातं. सिद्धतेच्या आधीच उत्तर दिसलं तर पोरगं विचार कशाला करंल?

मग प्रत्येक पायरीची वेगळी स्लाईड करायला रात्री बसून मी उलटीकडून सुरुवात केली. आधी फाईलची कॉपी ठेवा बघा, हे विसरू नका. पूर्ण भरलेली स्लाईड घ्यायची, कंट्रोल डी दाबून डुप्लिकेट करायची, दोन्हीतल्या पहिलीवरून सगळ्यात शेवटी येणारी वस्तू डिलीट, मग त्या पहिलीचीच परत डुप्लिकेट, असं करत मागं मागं जायचं, म्हणजे सगळ्या वस्तू आपापल्या जागी राहतात, इंचभरही हलत नाहीत. पुढून नवीन काढत गेलं की चौरस थोडा जरी सरकला तर पोरांचा घोळ होतोय.

मॅकवर कीनोट (अ‍ॅपलचं पॉवरपॉइंटसारखं सॉफ्टवेअर) असेल तर प्रिंट करताना प्रत्येक टप्पा वेगळा छापायचा पर्याय आहे, लेटेक म्हणजे गणिताचा मजकूर मांडायचं सॉफ्टवेअर, त्यातलं स्लाईड बनवायचं बीमर तर पीडीएफमध्ये प्रत्येक पायरीचं वेगळं पान आपोआपच देतंय.

छापताना हँडआउटमध्ये पानावर 3 स्लाईड घ्या, बाजूला लिहायला रेघा येतात. परवा एका पोरीनं त्या रेघांवर पुढची पायरी पान उलटायच्या आधीच लिहिलेली, आणि बरोबर!