ट्रकमधला सीबी, भाग ३: चार वॅट शेवटी बाहेर पडले

मंडळी, मागच्या वेळी इतकंच सांगितलं होतं की सेकंडहँड कोब्रा २९ घेतलाय, म्हणजे ट्रकवाले गाडीतून एकमेकांशी बोलायला वापरतात तो सीबी रेडिओ, पिकअपच्या मागच्या टूलबॉक्सवर चार फुटी फायबरग्लास अँटेना लावलाय आणि दोन-तीन मैलांपलीकडे मला कोणी ऐकतच नाहीये. त्यानंतरचे चार वीकेंड गेले ते आज सगळं लिहून काढतोय, कारण जी चूक मी केली तीच बरेच जण करतात आणि मग बिचाऱ्या रेडिओला दोष देतात.

आमचं घर पेनसिल्व्हेनियात पोकोनोजच्या डोंगराळ भागात, आय-८० महामार्ग हाकेच्या अंतरावर. त्यामुळे चॅनल १९ वर ट्रकवाल्यांची बडबड दिवसभर ऐकू यायची, रिसीव्ह एकदम छान. पण मी रेडिओ चेक मागितला (म्हणजे 'माझा आवाज येतोय का?' विचारलं) की शांतता. एका दुकानात दाखवलं तर तो म्हणाला उघडून पीक करून (आतून पॉवर चढवून) देतो, आवाज हद्दीत ठेवणारा लिमिटर काढतो, डबल वॅट मिळतील. मी नको म्हटलं, आणि ते बरंच झालं. एक तर इथल्या नियमात एएमवर, म्हणजे मी बोलतो त्या साध्या पद्धतीत, ४ वॅट एवढंच चालतं, ट्रान्समीटरमध्ये मोडतोड करायची नाही आणि पॉवर वाढवणारा बाहेरचा लिनिअर ॲम्प्लिफायर तर नाहीच. दुसरं म्हणजे साधं गणित करा. ४ चे ८ वॅट केले तर वाढ ३ डेसिबल, आणि समोरच्याच्या एस मीटरवर (सिग्नल किती जोरात येतोय ते दाखवणारा काटा) एक आकडा वर जायला ६ लागतात, म्हणजे डबल पॉवर करूनही काटा अर्धाच घर हलणार. वर लिमिटर काढलात तर आवाज फाटतो आणि शेजारच्या चॅनलवर कचरा पडतो. एवढ्यासाठी चांगला रेडिओ बिघडवायचा?

तर मी सुरुवात अँटेनापासून केली. एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडे गेलेल्या पॉवरपैकी किती परत येते ते सांगणारा, १ म्हणजे काहीच परत नाही) रेडिओ आणि अँटेनाच्या मध्ये जोडला, गाडी चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये नेली (घराच्या भिंतीशेजारी किंवा झाडाखाली मोजलेला आकडा धरू नका, आणि दारं आणि टेलगेट बंद करूनच मोजा), माइक दाबून काटा कॅलिब्रेट केला, स्विच रिफ्लेक्टेडवर टाकला. एकूण ४० चॅनल, म्हणून पहिला, मधला आणि शेवटचा मोजला. चॅनल १ वर ३ च्या वर. २० वर ३ च्या वर. ४० वरही तेच. एसडब्ल्यूआर ३ असला की २५ टक्के पॉवर रेडिओकडे परत येते, २ ला ११ टक्के, १.५ ला फक्त ४. म्हणून ३ च्या वर जास्त वेळ माइक दाबायचाच नाही, फायनल, म्हणजे पॉवर बाहेर टाकणारा ट्रान्झिस्टर तापतो.

आता इथे लक्ष द्या. ४० वर जास्त आणि १ वर कमी असेल तर अँटेना लांब आहे, १ वर जास्त आणि ४० वर कमी असेल तर आखूड आहे. पण सगळीकडेच ३ च्या वर दिसत असेल तर लांबीला हातही लावू नका, घोडं दुसरीकडे अडलंय, बहुतेक वेळा ग्राउंडमध्ये (गाडीच्या पत्र्याशी असलेल्या जोडणीत) नाहीतर शॉर्टमध्ये. माझ्याकडे दोन्ही निघालं!

आधी शॉर्ट. अँटेना काढला, केबल रेडिओपासून सोडवली (हे विसरू नका, रेडिओ जोडलेला असेल तर मीटर भलतंच दाखवू शकतो) आणि मल्टिमीटर बीपवर ठेवून एक टोक स्टडला (ज्यावर अँटेना बसतो तो बोल्ट), दुसरं तो धरणाऱ्या ब्रॅकेटला लावलं. बीप! वाजायलाच नको होता. स्टड खोलून बघितला तर तो पांढरा नायलॉनचा खांदेवाला वॉशर मी उलटा बसवला होता, त्याचा खांदा ब्रॅकेटच्या भोकात उतरलाच नव्हता, त्यामुळे स्टडचे आटे भोकाच्या कडेला घासत होते. घासून घासून त्या आट्यांवर एक चकाकती रेघ पडली होती नखाएवढी, तीच माझी सगळी पॉवर खात होती. वॉशर सुलट बसवला, पान्याने आवळला, बीप बंद.

मग ग्राउंड. चार फुटी अँटेना हा अर्धाच अँटेना असतो, उरलेला अर्धा म्हणजे तुमच्या गाडीचा पत्रा. २७ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ११ मीटरच्या आसपास, पाव म्हणजे पावणेतीन मीटर, तेवढा अँटेना गाडीवर कोणी सहसा लावत नाही म्हणून त्यात तार गुंडाळून लांबी भरून काढतात, आणि अँटेना जितका आखूड तितकं पत्र्याचं महत्त्व वाढतं. माझा टूलबॉक्स पावडर कोटिंगवाला, खाली रबरी पट्टी, म्हणजे बॉक्स ट्रकच्या बॉडीपासून जवळजवळ वेगळाच! ब्रॅकेट ते चासी मोजलं तर आकडा स्थिर राहीना, कधी ३० ओहम कधी १००, बॉक्सवर हात ठेवला की अजून वेगळा. रंग खरवडायला जिवावर आलं, नवा बॉक्स आहे, पण काचपेपर घेतला आणि ब्रॅकेटखालचा रुपयाएवढा भाग चमकेपर्यंत घासला, मग बॉक्स ते बेड (ट्रकचा मागचा हौदा) आणि बेड ते फ्रेम अशा दोन जाड विणलेल्या तांब्याच्या पट्ट्या टाकल्या, दातेरी वॉशर घालून, वरून ग्रीस. आता मीटर ०.२ ओहम, आणि गाडी हलवली तरी ०.२ च. पट्टी शक्य तितकी आखूड आणि रुंद ठेवा, बारीक लांब वायर डीसीला चालते पण या फ्रीक्वेन्सीला ती ग्राउंड म्हणून कामाची राहत नाही.

पुन्हा पार्किंगमध्ये. चॅनल १ वर १.४, २० वर १.८, ४० वर २.४. खरं सांगतो, तिथेच टाळी वाजवली मी एकट्याने. आकडे वर चढत जातायत म्हणजे अँटेना लांब. टोकाला ट्यूनिंग स्क्रू आहे तो दोन-दोन फेरे आत, रबरी टोपी परत लावून मग मोजणं (टोपी काढून मोजलं की आकडा बदलतो, पहिले दोनदा मी तसाच फसलो), असं सहा वेळा. शेवटी १ वर १.५, २० वर १.२, ४० वर १.५. मधोमध खोल आणि दोन्ही टोकांना सारखा, बस्स, इथे थांबायचं. १.२ चं १.० करायला रात्र घालवू नका, ऐकणाऱ्याला तो फरक कधीच कळणार नाही.

केबल अठरा फुटीच हवी असं खूप जण सांगतात. अँटेना नीट जुळला असेल तर लांबीने काही बिघडत नाही, मात्र उरलेली केबल घट्ट गोल गुंडाळू नका, सैल आडवीतिडवी सीटखाली सोडा.

पॉवर सप्लायचं थोडक्यात. लायटर सॉकेटमधून माइक दाबल्यावर रेडिओपाशी १२.६ व्होल्टच येत होते, इंजिन चालू असताना. थेट बॅटरीवरून जाड वायर ओढली, लाल वायरला बॅटरीजवळच फ्यूज, आता १३.९, आणि वॉटमीटर ३.१ वरून ३.८ वर आला, म्हणजे रेडिओ न उघडता. नवीन गाड्यांमध्ये बॅटरीच्या मायनसला सेन्सर असतो, तिथे काळी वायर सेन्सरला वळसा घालून थेट टर्मिनलवर न लावता चासीवर घ्या. अल्टरनेटरची शिट्टीही बऱ्यापैकी गेली.

माइकचा आवाज कमीजास्त करणारा डायनामाइक नॉब मी फुल ठेवायचो, आता पाऊण ठेवतो आणि माइक तोंडापासून दोन इंचांवर, जरा तिरका. माझे एक मित्र आहेत, वयाने मोठे, मी त्यांना दादा म्हणतो, ते डेलावेअर वॉटर गॅपच्या (डोंगरातल्या नदीच्या खिंडीच्या) पलीकडे न्यू जर्सीत राहतात आणि त्यांचा बेस सेटअप, म्हणजे घरात बसवलेला सीबी आहे. रविवारी सकाळी ते त्यांच्या गाडीतून माझ्या बाजूला आले, आम्ही चॅनल २३ ला गेलो आणि मी एकेक मैल लांब जात राहिलो.

"दादा, येतोय का आवाज?"

"अरे येतोय काय, शेजारी बसल्यासारखा येतोय! काय केलंस नक्की?"

नऊ मैलांपर्यंत शब्दन् शब्द कळत होता, अकराला तुटायला लागला. आधी तीनला संपायचा. पण ते घरी परतले आणि मध्ये किटाटिनीचा डोंगर आला की मात्र काहीच नाही, तिथे कुठलाही एसडब्ल्यूआर कामी येत नाही. दुपारी तर स्किप (आकाशातल्या वरच्या थरावरून परत येणारे लांबलांबचे आवाज) एवढा येतो की चॅनल भरून जातो, २०२४ च्या सुमारास सूर्य भरात आला त्याचा परिणाम, म्हणून रेंजची टेस्ट सकाळी लवकर घ्या.

पुण्याहून भाच्याने विचारलं, मामा, मीपण लावू का जीपवर? त्याला सांगितलं की भारतात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ लायसन्सशिवाय चालतं, पण ५ वॅट आणि बिल्ट-इन अँटेना या अटीवर, त्यामुळे ही सगळी उठाठेव तिकडे बसत नाही. तू हॅमची (हौशी रेडिओच्या लायसन्सची) परीक्षा दे, शेजारीच २८ मेगाहर्ट्झचा दहा मीटर बँड मिळेल, आणि वॉशर-ग्राउंडचं सगळं तिकडे जसंच्या तसं लागू. अभ्यास चालू केलाय म्हणतो.

माझ्याकडे आता राहिलंय ते इंजिन चालू केल्यावर येणारी खरखर, एस ४ च्या आसपास, फ्यूएल पंपाची असावी असा संशय आहे कारण चावी पहिल्या खटक्यावर नेली की दोन सेकंद येते आणि थांबते. बॉनेट आणि सायलेन्सरला पट्ट्या टाकून बघतो, पट्टीचा तुकडा अजून तीन फूट शिल्लक आहे.