छोटी लाइन गेली, तर तुमचं काय गेलं?

छोटी लाइन म्हणजे नागपूरहून सुटणारी अरुंद रुळांची, नॅरोगेजची गाडी. तिच्याबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. "ब्रॉडगेज मिळतेय ना, मग छोट्या लायनीसाठी जीव का तुटतो तुमचा?" लग्नाच्या पंगतीत, नागपूरच्या इतवारीत, कुठेही हा प्रश्न येतो आणि पाठोपाठ ठरलेलं वाक्य, "ती तर टॉय ट्रेन होती."

नव्हती. दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, अडीच फूट किंवा 762 मिलिमीटर; त्या रुळांवरून 2015 पर्यंत छिंदवाड्याला आणि 2019 पर्यंत नागभीडला माणसं जात होती. कॉलेजची पोरं, दवाखान्यात निघालेल्या म्हाताऱ्या, भिवापूरच्या मिरचीची पोती घेऊन चढणारे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने याच गेजवर 1897 मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. चाकांच्या एका आसावर पाच टनांच्या वर भार येऊ द्यायचा नाही, तरी हलक्या रुळांवरून भरपूर माल न्यायचा, हे त्याने करून दाखवलं. ऑस्ट्रियात झिलरटालची गाडी 760 मिलिमीटरवर आजही येनबाख ते मायरहोफेन रोजची माणसं नेते. गेज अरुंद म्हणून गाडी मागासलेली, हे मला पटत नाही.

आधी मी वेगळं बोलायचो. दार्जिलिंगच्या छोट्या रेल्वेला 1999 मध्ये जागतिक वारसा दर्जा मिळाला, तसा आपल्यालाही मिळवा, वाफेचं इंजिन जोडा, पर्यटक आणा. आता ते नको वाटतं. पर्यटकाच्या तिकिटात मिरचीवाली बसणार नाही.

माझं बोलणं फिरलं ते बाबांमुळे. ते छोट्या लायनीवर चावीवाला होते. खांद्यावर हातोडा, हातात पाना आणि झेंड्या, रोज सकाळी आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासायचा. निवृत्तीनंतर मी त्यांना हौसेने मोतीबागेच्या नॅरोगेज म्युझियमला नेलं. रंगवलेल्या इंजिनाकडे त्यांनी पाहिलंच नाही. गुडघा धरून खाली बसले, दोन रुळांच्या जोडावरून बोट फिरवलं, रूळ जोडणाऱ्या पट्टीचा, फिशप्लेटचा बोल्ट चाचपला.

"जोडात फट नाई राह्यली. उन्हाळ्यात रूळ तापते, फट नसली का वाकते," म्हणाले. मग उठता उठता, "बंद झाली ते बरं झालं."

मला ते लागलं. का, म्हणून विचारलं. तेव्हा त्यांनी पावसाळ्यातल्या रात्रीच्या गस्तीचं सांगितलं. त्यांच्या सोबत्याला साप चावला. गावात मोटार नव्हती, फोन नव्हता. पायाला फडकं बांधून त्याला स्टेशनात आणलं आणि पहाटेच्या गाडीची वाट पाहिली. गाडीत बसवलं, पण नागपूर आलंच नाही त्याच्यासाठी. बाबांनी त्या दिवशीही हातोडा उचलला, कारण सकाळी रूळ तपासल्याशिवाय गाडी जात नाही.

इतकी वर्षं हे मला माहीत नव्हतं. मी तरी वाद घातलाच. म्हटलं, दोष गेजचा नाही, वेगाचा. रूळ जड केले असते, गिट्टी नीट भरली असती तर तीच गाडी पळाली असती. ते म्हणाले, "केले नाई ना पण." यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि झिलरटालचं उदाहरण देऊन ते मिळणारही नाही.

म्हणून ब्रॉडगेजला माझा विरोध नाही. दोन गेज भेटत, तिथे मालगाडीच्या एका डब्यातली पोती दुसऱ्यात हातांनी भरावी लागत. तो त्रास संपला हे चांगलंच. पण छोटी गाडी बारक्या हॉल्टवरही थांबायची आणि तिचं तिकीट तिथल्या माणसाला परवडायचं. नव्या गाडीचे थांबे किती, तिकीट किती, हे मी विचारतो तेव्हा तुम्ही मला पुन्हा आठवणीत रमलेला माणूस समजता. बाबाही तसंच समजतात. मी मात्र वेळापत्रक आलं की आधी थांब्यांचा रकाना वाचणार, आणि एखादं गाव गळलेलं दिसलं तर अर्ज करणार.